सराटा, जांभा आणि वाळू: पुणे–कोकण–गोवा सायकलफेरीसाठी टायर कोणता?

पुण्याहून मुळशीमार्गे ताम्हिणी उतरायचा, माणगाव-म्हसळा करत हरिहरेश्वर गाठायचं, बागमांडल्याला फेरीबोटीत सायकल चढवायची आणि मग केळशी, आंजर्ले, दाभोळ, गुहागर, जयगड, रत्नागिरी, विजयदुर्ग, मालवण, वेंगुर्ले असं खाली खाली सरकत तेरेखोलच्या फेरीनं केरीला उतरायचं. परतताना सावंतवाडीवरून आंबोली चढायची आणि आजरा, गडहिंग्लज, कोल्हापूर करत आतल्या गावरस्त्यांनी पुन्हा पुणे. हजारेक किलोमीटरची ही फेरी दिवाळी ते होळीच्या दरम्यान कुणी ना कुणी आखत असतं. सुट्ट्या जमतात, सोबती जमतात, बॅगाही येतात. घोडं अडतं ते टायरपाशी.

दुकानात गेल्यावर बहुतेकांचे डोळे नक्षीवर जातात. मोठाले नॉब, म्हणजे रबराचे उंचवटे, दिसले की ‘हा डोंगरात चालेल’ असं वाटतं. या वाटेवर नक्षीचा कस लागतो तो मोजक्या ठिकाणी. बराचसा रस्ता डांबरीच आहे, कुठे गुळगुळीत, कुठे नावापुरता. ट्रिप खोळंबते ती पंक्चरनं आणि साइडवॉल, म्हणजे टायरची बाजू, फाटल्यानं. म्हणून टायर हातात घेऊन आधी बोटांनी दाबून बघावा: आतलं कापड किती जाड, बाजू किती पातळ, ट्यूबलेस, म्हणजे ट्यूबशिवाय, बसतो की नाही. नक्षी त्यानंतर.

देशावरचा शत्रू सराटा. पावसाळा सरला की बांधाच्या कडेला, मैदानात, रस्त्याच्या साइडपट्टीवर त्याचा वेल वाळतो आणि फळाचे तुकडे मोकळे होतात. प्रत्येक तुकड्याला टणक काटे असतात आणि तो कसाही पडला तरी एखादा काटा वर राहतोच. डबा खायला म्हणून सायकल रस्त्याखाली उतरवली की दोन्ही चाकांत चार-पाच सराटे रुतलेच म्हणून समजा. ट्यूबलेस असेल तर बिनधास्त उपटा आणि चाक फिरवा, सीलंट, म्हणजे टायरच्या आत भरलेला चिकट द्रव, भोक बुजवतं. ट्यूब असेल तर उपटल्या क्षणी हवा सूं करून जाते. तेव्हा आधी सावली शोधा, मग हात घाला. सराट्याच्या जोडीला कुंपणासाठी तोडलेल्या बाभळीच्या फांद्या आहेतच. आणि हायवेच्या कडेनं जायची वेळ आली तर ट्रकच्या फुटलेल्या रेडियल टायरमधल्या बारीक तारा. ही तार डोळ्यांना दिसत नाही. टायरच्या आतून कापसाचा बोळा फिरवायचा. जिथे कापसाचे धागे अडकतील तिथे ती असते. मग चिमट्यानं ओढून काढायची. हे न करता नुसती ट्यूब बदललीत तर पाच किलोमीटरवर पुन्हा तेच.

कोकणात जांभा आहे. खाणीतून काढताना हा दगड मऊ असतो, म्हणून तर त्याचे चिरे कापता येतात. उघड्यावर राहिला की तो कडक होतो आणि त्याच्या छिद्राछिद्रांच्या कडांना धार येते. सड्यावरच्या, म्हणजे जांभ्याच्या उघड्या पठारावरच्या, बैलगाडीच्या चाकोरीत पुढचं चाक घसरलं की टायरची बाजू या कडेवर घासत जाते. तिथे नक्षी काहीच करू शकत नाही, टिकते ती साइडवॉल. शिवाय सड्यावर बारीक लाल खडी मोकळी पडलेली असते. वळणावर ब्रेक दाबला की फरशीवर सांडलेल्या ज्वारीवर पाय पडावा तसं चाक निसटतं. इथे मात्र बाजूचे नॉब उपयोगी पडतात.

आधी आकडा वाचा

टायरच्या बाजूवर 57-622 असं काहीतरी लिहिलेलं असतं. पहिला आकडा मिलीमीटरमधली रुंदी, दुसरा रिमवर टायर जिथे बसतो तिथला व्यास. 57-622 म्हणजे आपला 29 × 2.25. साडेसत्तावीस इंचीला 584, सव्वीस इंचीला 559. गावोगावी दूधवाल्याकडे असते ती काळी 28 इंची सायकल 635 ची. त्यामुळे तिचा टायर 29 च्या रिमवर काही केल्या बसत नाही, दुकानदार कितीही ‘थोडं ॲडजस्ट होईल’ म्हणाला तरी. तिची ट्यूब मात्र अडीनडीला आत कोंबता येते, पण त्यासाठी रिमचं भोक मोटारसायकलछाप जाड व्हॉल्व्हचं हवं. बारीक प्रेस्टा व्हॉल्व्हचं भोक असेल तर तोही मार्ग बंद, आणि हवा भरायलाही ॲडॉप्टर लागतो. पितळेचा तो इवलासा तुकडा दोन नग घ्या, एक हरवतोच.

ज्यांच्याकडे जुनी 26 इंची एमटीबी (डोंगरी सायकल) आहे त्यांना सोबतचे लोक हिणवतात. पण तालुक्याच्या दुकानात भिंतीला टांगलेला एमटीबी टायर असला तर तो बहुधा 26 चाच असतो. दापोली किंवा देवगडात टायर फाटला तर हसणाऱ्यांची 29 एसटीच्या टपावरून जाईल आणि तुमची पुढे चालू लागेल.

रुंदी ठरवताना फ्रेम आणि टायर यांच्यात दोन्ही बाजूंना निदान 6 मिलीमीटर मोकळं राहतंय ना, तेवढं बघा. 2.2 ते 2.35 ही रुंदी या वाटेला पुरते.

चौघांची तुलना

सायकलीबरोबर आलेला, तारेच्या बीडचा (रिमवर बसणाऱ्या कडेत तार असलेला) साधा टायर हा पहिला. लोक त्याला उगाच कमी दर्जाचा समजतात. रबर कडक, त्यामुळे झिजतो सावकाश. कापड जाडंभरडं, त्यामुळे जांभ्यावरही बऱ्यापैकी तग धरतो. चांगल्या आयात टायरच्या किमतीत असे तीन-चार येतील. उणीव दोन ठिकाणी: आत काट्याला अडवणारा थर नसतो आणि बहुतेकदा ट्यूबलेस होत नाही. यावर पंक्चरवाल्यांचा जुना उपाय म्हणजे जुनी ट्यूब मधोमध कापून टायर आणि नव्या ट्यूबच्या मध्ये पट्टीसारखी घालणं. सराटा थांबतो. मात्र पट्टीची कड ट्यूबवर घासून हळूहळू दुसरंच भोक पाडते, तेव्हा कड तासून पातळ करून घ्यावी. टायर नवा असेल आणि बजेट बेताचं असेल तर तो बदलू नका. पैसे चांगल्या पंपात आणि दोन जादा ट्यूबमध्ये घाला.

दुसरा श्वाल्बेचा मॅरेथॉन प्लस एमटीबी. नक्षीखाली लवचिक रबराचा जाड थर, सराट्याचा काटा त्यातच संपतो. देशावर याच्यासारखा निश्चिंत टायर नाही. किंमत मोजायची ती वजनात आणि चालीत: एकेक टायर किलोच्या वर, ट्यूब निराळी, आणि कापड इतकं ताठ की हवा कमी केली तरी तो फारसा पसरत नाही. आंबोली चढताना हे पाय सांगतात. खडबडीत उतारावर हातांना मार जास्त बसतो, कारण टायर दगड गिळत नाही, त्यावरून उडतो. टायर रिमवर चढवणं हे स्वतंत्र प्रकरण आहे. निघण्यापूर्वी घरी एकदा काढून-घालून बघा, प्लॅस्टिकचे लीव्हर मोडतात.

तिसरा काँटिनेंटलचा रेस किंग, 29 × 2.2. शर्यतीतला टायर, सहाशे ग्रॅमच्या थोडा वर, आणि डांबरावर असा पळतो की एमटीबीवर बसलोय हे विसरायला होतं. घेताना डब्यावर नीट बघा, नाव तेच असलं तरी प्रोटेक्शनवाला टायर वेगळा आणि शील्डवॉलवाला स्वस्त टायर वेगळा; चालीची ख्याती आहे ती पहिल्याची. सामानाशिवाय, दोन दिवसांच्या फेरीला मी डोळे झाकून हाच सुचवीन. पण मागे बारा-पंधरा किलो सामान बांधून सड्यावर घातला की त्याची पातळ बाजू बघून जीव खालीवर होतो. मॅक्सिसचा आयकॉन याच जातीतला. एक्सो लिहिलेला घेतलात तर बाजू जरा सावरलेली असते, पण सामानाखाली मागचं रबर लवकर झिजतं.

चौथा व्हिटोरियाचा मेझकल. बॅन्फपासून अमेरिका-मेक्सिको सीमेपर्यंत जाणाऱ्या टूर डिव्हाइडमध्ये हा टायर फार चालतो, आणि ते उगाच नाही. मधली नक्षी इतकी जवळजवळ की डांबरावर जवळपास सलग पट्टी टेकते. बाजूचे नॉब वळणावरच्या खडीत पकडतात. यातही दोन जाती आहेत: पातळ एक्ससी रेस आणि जाड बाजूचा एक्ससी ट्रेल. आपल्या कामाचा ट्रेल. 29 × 2.25 मध्ये वजन पाऊण किलोच्या आसपास, म्हणजे रेस किंगपेक्षा भारी आणि मॅरेथॉन प्लसपेक्षा बराच हलका. काटा अडवणारा जाड थर यात नाही. त्याची भिस्त सीलंटवर. त्यामुळे ट्यूब घालून मेझकल वापरणार असाल तर देशावर तो साध्या टायरपेक्षा फार वेगळा वागणार नाही, आणि मग एवढे पैसे कशासाठी, हा प्रश्न रास्त आहे.

वाळू, हवा आणि चिखल

कोकणात किनाऱ्याकिनाऱ्यानं सायकल हाकायचा मोह आवरत नाही. ओहोटीला ओली, घट्ट वाळू मिळाली तर चौघेही चालतात. सुक्या वाळूत शिरलात की फरक कळतो. मेझकल किंवा रेस किंग ट्यूबलेस असेल तर हवा 15-18 पीएसआयपर्यंत उतरवता येते, टायर पसरतो आणि तरंगतो. ट्यूबवर इतकी कमी हवा ठेवलीत तर पहिल्याच दगडाला ट्यूब रिममध्ये चिमटते आणि शेजारी शेजारी दोन भोकं पडतात. मॅरेथॉन प्लसवाल्यांनी सरळ उतरून ढकलावं.

एरवीच्या हवेचा माझा हिशेब असा: स्वार, सायकल, सामान मिळून शंभर किलोच्या आत असेल आणि 2.25 ट्यूबलेस असेल तर पुढे 22, मागे 26. लांबलचक डांबर लागलं तर दोन्हीकडे तीन-चारनं वाढवा. ट्यूब असेल तर पाचेक जास्त. मॅरेथॉन प्लसला 35 च्या वर. पेट्रोल पंपावरच्या पोराच्या हातात नळी देऊ नका. त्याला सवय गाड्यांची, तो काटा न बघता दाबत राहतो.

चिखलात चौघांपैकी कुणीच कामाचा नाही. नोव्हेंबरातही अवकाळी कोसळला आणि गडहिंग्लजच्या पुढे काळ्या मातीच्या शेतवाटेवर सापडलात तर ती माती टायर आणि फ्रेमच्या मध्ये अशी भरते की चाक फिरतच नाही. टायर बदलून हे सुटत नाही, रस्ता बदलून सुटतं. ऐन पावसाळ्यात जाणार असाल तर हे सगळं बाजूला ठेवा: शेवाळलेल्या जांभ्यावर आणि साकवावर यातला कुठलाच टायर भरवशाचा नाही.

मग घ्यायचा कोणता?

रिम ट्यूबलेसला चालणारा असेल तर मेझकल ट्रेल, पुढे-मागे दोन्हीकडे. फोर्कमध्ये जागा असेल तर पुढे 2.35, मागे 2.25. मागच्या चाकावर भार जास्त, तो आधी झिजतो. घरी परतल्यावर पुढचा मागे टाका आणि नवा पुढे लावा. निघण्यापूर्वी प्रत्येक चाकात 100 मिलिलिटर ताजं सीलंट. आपल्याकडच्या उन्हात ते दोन-तीन महिन्यांत सुकतं, त्यामुळे गणपतीत भरलेलं डिसेंबरात असेलच असं धरून चालू नका.

रिम ट्यूबलेसचा नसेल किंवा सीलंटची चिकचिक नको असेल, एकटेच निघणार असाल आणि रस्त्याकडेला बसून पंक्चर काढायचा कंटाळा असेल, तर मागे मॅरेथॉन प्लस एमटीबी आणि पुढे आहे तो साधा टायर. भार मागे, काटेही बहुतेक मागेच घुसतात. पुढे जड टायर घालून हँडल सुस्त करण्यात मतलब नाही. दोन्हीकडे प्लस घालणाऱ्यांचं मन मला कळतं, पण आंबोलीच्या पायथ्याशीच त्यांच्या कपाळावरचा घाम दिसायला लागतो.

रेस किंग फक्त त्यांनी घ्यावा जे सडे आणि शेतवाटा टाळून रेवस-रेड्डी सागरी महामार्गच धरणार आहेत आणि ज्यांचं सामान अगदी मोजकं आहे. तसं असेल तर तो या चौघांत सगळ्यात मजेचा.

कोणताही घ्या, बॅगेत एवढं असू द्या: एक ट्यूब ट्यूबलेसवाल्यांनीही, सायकलचे बारीक प्लग (भोकात ठोसायच्या वाती), चिमटा, कापूस, आणि फाटलेल्या साइडवॉलला आतून लावायला जुन्या टायरचा चार बोटांचा तुकडा, बीड कापून कडा तासलेला. गावातल्या पंक्चरवाल्याकडची मोटारसायकलची रबरी वात सायकलच्या टायरला फार जाड पडते. ती ठोसताना तो भोक रुंदावतो आणि बुजण्यासारखं पंक्चरही बुजेनासं होतं. त्याच्याकडून हवा घ्या, सोल्यूशन घ्या, चहाही घ्या. वात नको म्हणून सांगा.