अल्बुकर्कीचे नॅशनल हिस्पॅनिक कल्चरल सेंटर: काही महिन्यांच्या वावरानंतर

न्यू मेक्सिको राज्यातील अल्बुकर्की शहरात नोकरीनिमित्त राहायला आल्यापासून, हिस्पॅनिक म्हणजे स्पॅनिश भाषेचा वारसा सांगणाऱ्या समाजाच्या संस्कृतीला वाहिलेल्या नॅशनल हिस्पॅनिक कल्चरल सेंटरमध्ये माझे नियमित जाणे-येणे आहे. सुरुवात स्पॅनिशच्या वर्गापासून झाली आणि पुढे संग्रहालय, ग्रंथालय, नाट्यगृह अशी एकेक जागा परिचयाची होत गेली. आपल्याकडची बरीच मंडळी ऑक्टोबरमधल्या बलून फिएस्टासाठी, म्हणजे गरम हवेच्या फुग्यांच्या उत्सवासाठी, या शहरात येतात आणि जाता जाता हे केंद्र ‘करून’ टाकतात. अशा धावत्या भेटीत केंद्राच्या इमारती दिसतील, पण केंद्र हाती लागणार नाही, असे माझे स्पष्ट मत आहे. येथे पुन्हा पुन्हा यावे लागते, माणसांशी बोलावे लागते, आणि मग दालनात पाहिलेल्या वस्तूंचे धागे बाहेरच्या जगण्याशी जुळू लागतात.

केंद्र राज्य सरकारच्या सांस्कृतिक विभागाचे असून ते २००० साली सुरू झाले. रिओ ग्रांदे नदीजवळच्या बारेलास या जुन्या वस्तीत, सुमारे वीस एकरांच्या आवारात ते उभे आहे. मेक्सिको शहरापासून उत्तरेकडे येणारा सुमारे १,६०० मैलांचा ‘कामिनो रेआल’, म्हणजे राजमार्ग, याच परिसरातून जात असे. पुढे रेल्वेचे कारखाने आले, १९३७ पर्यंत ‘रूट ६६’ हा महामार्गही इथल्या फोर्थ स्ट्रीटवरून जात होता, आणि तो दूर गेल्यावर वस्तीची रया गेली. केंद्रासाठी जमीन घेतली जात असताना एका वृद्ध महिलेने आपले घर सोडण्यास ठाम नकार दिला. शेवटी आराखडा बदलून केंद्र त्या घराला वळसा घालून बांधावे लागले. ज्या समाजाच्या वारशासाठी संस्था उभी राहत होती, त्याच समाजातल्या एका व्यक्तीच्या घराचा मान तिला राखावा लागला, ही गोष्ट मला फार मोलाची वाटते आणि पाहुण्यांना मी ती आवर्जून सांगते.

आवारात ‘तोर्रेओन’ नावाचा ४५ फूट उंचीचा गोल बुरूज आहे. आत शिरल्यावर चारही अंगांनी भिंत आपल्याभोवती फिरत जाते आणि वर छतापर्यंत चित्रेच चित्रे दिसतात. फ्रेदेरिको विहिल या चित्रकाराने रंगवलेले ‘मुंदोस दे मेस्तिसाहे’ (सरमिसळीची विश्वे) हे सुमारे ४,००० चौरस फुटांचे भित्तिचित्र पूर्ण व्हायला जवळजवळ दहा वर्षे लागली आणि ते २०१० मध्ये लोकांसाठी खुले झाले. मेक्सिकोचे थोर चित्रकार दिएगो रिवेरा यांच्याबरोबर काम केलेल्या ल्युसिएन ब्लॉक आणि स्टीफन दिमित्रॉफ या दांपत्याकडून विहिल यांनी फ्रेस्कोचे, म्हणजे ओल्या गिलाव्यावर रंगवण्याचे, तंत्र आत्मसात केले. आपल्या अजिंठ्याची चित्रे सुकलेल्या गिलाव्यावर, चिकट माध्यमात मिसळलेल्या रंगांनी काढलेली आहेत. इथे मात्र चुन्याचा शेवटचा थर ओला असतानाच पाण्यात कालवलेला रंग लावला जातो आणि चुना वाळताना रंग त्याच्या अंगातच मुरतो. त्यामुळे एका दिवसात जेवढे रंगवून होईल तेवढाच गिलावा त्या दिवशी करायचा, आणि एखादी आकृती बिघडली तर तेवढा तुकडा खरवडून पुन्हा लिंपायचा. हे कळल्यावर मी एका आकृतीच्या खांद्याभोवती बारीक नजर फिरवली, तेव्हा एका दिवसाचे काम संपून दुसऱ्या दिवसाचे सुरू झाल्याचा पुसटसा सांधा दिसला. त्या दिवशी बाकीचे काही पाहिलेच नाही.

चित्राचा विषय फार मोठा आहे. मुस्लिम, ज्यू आणि ख्रिस्ती लोकांचे आयबेरिया (स्पेन-पोर्तुगालचा द्वीपकल्प), समुद्रापलीकडच्या माया आणि अॅझ्टेक संस्कृती, न्यू मेक्सिकोतील मूळ रहिवासी असलेले प्वेब्लो लोक, आणि या सगळ्यांच्या सरमिसळीतून घडलेला आजचा समाज, हे सारे एकाच गोल भिंतीवर येते. एका बैठकीत ते पाहून होत नाही. मी प्रत्येक वेळी एकच पट्टा निवडते, माहितगार स्वयंसेवक असतील तर त्यांच्याजवळ उभी राहून ऐकते, आणि बाकीचा भाग पुढच्या खेपेसाठी ठेवते. बुरुजाच्या वेळा संग्रहालयाच्या वेळांपेक्षा वेगळ्या असू शकतात, तेव्हा निघण्यापूर्वी फोन करून खात्री करावी.

स्पॅनिशचे वर्ग याच आवारातील इन्स्तितुतो सेर्वांतेस या स्पेनच्या भाषासंस्थेत चालतात. शिकवणे शिस्तशीर आहे आणि व्याकरणाचा पाया पक्का होतो. उत्तर न्यू मेक्सिकोतील जुन्या घराण्यांची बोली मात्र पुस्तकातल्या स्पॅनिशहून बरीच वेगळी आहे, कारण ती शतकानुशतके एका कोपऱ्यात स्वतंत्रपणे वाढली. ती कानावर पडावी म्हणून मी वर्गानंतर ग्रंथालयात बसू लागले. तिथे वंशावळीच्या अभ्यासाची चांगली सोय आहे. बाप्तिस्मा आणि विवाहाच्या नोंदी चाळत आपल्या खापरपणज्याच्या पलीकडे पोहोचू पाहणारी वयस्क माणसे तिथे भेटतात आणि आपण नुसते ‘काही सापडले का?’ एवढे विचारले तरी मोकळेपणाने बोलू लागतात.

अशाच बोलण्यातून मी कोल्चा कशिदा करणाऱ्या बायकांच्या एका हौशी गटात पोहोचले. कोल्चा हे न्यू मेक्सिकोचे खास भरतकाम. हातमागावरच्या लोकरी कापडावर लोकरीच्याच धाग्याने ते करतात. स्पॅनिश लोकांनी आणलेल्या चुर्रो जातीच्या मेंढ्यांची लोकर त्यासाठी वापरत. नीळ, कोचिनील किडा आणि चमीसा या पिवळ्या फुलांच्या झुडपापासून तिला रंग देत. आधी एक लांब टाका आडवा टाकायचा, मग त्याच धाग्याने परत येताना त्यावर लहान तिरके टाके घालून तो कापडाला बांधत जायचा. धाग्याचा बहुतेक भाग वरच्या बाजूला राहतो, मागे फारसा जात नाही. जिथे लोकर कष्टाने कातली आणि रंगवली जाते, तिथे ही काटकसर किती शहाणपणाची आहे हे हातात सुई घेतल्यावरच उमगते. मी पहिला धागा एका ऑनलाइन दुकानातून मागवला होता. शुद्ध लोकर म्हणून आलेला तो धागा कृत्रिम निघाला. तो कापडावर धरत नव्हता, बांधणीचे टाके सरकत होते. गटातल्या एका आजींनी माझी दोन बोटांएवढी पाकळी उसवून आपल्या डब्यातली लोकर दिली आणि शेजारी बसून पुन्हा भरून घेतली.

त्याच आजींकडून असेकियांविषयी ऐकले. असेकिया म्हणजे नदीचे पाणी शेतापर्यंत नेणारे गावकीच्या मालकीचे पाट. दर वसंतात सगळे पाणीवाटेकरी मिळून पाट साफ करतात, ‘मायोर्दोमो’ पाण्याची पाळी लावतो, आणि राज्याचा कायदाही या व्यवस्थेला मान्यता देतो. हे ऐकताना मला पांझरा आणि मोसम नद्यांवरची आपली फड पद्धत आठवली: बंधारा, शेतकऱ्यांनी मिळून ठरवलेले पीक, पाळी सांभाळणारा पाटकरी. धुळ्याकडच्या मराठी माणसाला असेकिया वेगळी समजावून सांगावी लागणार नाही. स्पेनमध्ये ही व्यवस्था अरब अमदानीत भरभराटली आणि न्यू मेक्सिकोत प्वेब्लो लोकांच्या स्वतःच्या सिंचनाशी तिची गाठ पडली. बुरुजातल्या भिंतीवर मूर, म्हणजे स्पेनमधले मुस्लिम, आणि प्वेब्लो एकाच चित्रात का आहेत, याचे उत्तर मला या पाटांनी दिले.

नाट्यगृहाविषयी थोडक्यात. जून महिन्यात १९८७ पासून चालत आलेला फ्लामेंको या स्पॅनिश नृत्याचा महोत्सव शहरात भरतो आणि त्याचे मोठे प्रयोग मी येथेच पाहिले. मागच्या रांगेतही पायांचा ठेका स्वच्छ ऐकू येतो. तिकिटे आधीच काढावीत.

एक मतभेद मात्र नोंदवायलाच हवा. ‘सरमिसळ’ ही कल्पना सुंदर आहे, तरी तिच्यामागे जिंकणारे आणि जिंकले गेलेले होते, आणि १६८० साली प्वेब्लो लोकांनी उठाव करून स्पॅनिश सत्तेला या प्रदेशातून बारा वर्षे हुसकावले होते. संगमाची कहाणी मनात भरते तेव्हा हा भाग मागे पडू शकतो. म्हणून याच शहरातील इंडियन प्वेब्लो कल्चरल सेंटरही पाहावे. ते एकोणीस प्वेब्लोंच्या, म्हणजे या लोकांच्या गाव-समुदायांच्या, मालकीचे असून १९७६ मध्ये सुरू झाले. माझ्याकडे येणाऱ्या पाहुण्यांना मी सकाळी तिथे नेते आणि दुपारी बारेलासला आणते. या क्रमाने पाहिल्यावर बुरुजातल्या चित्राबद्दल ते अधिक नेमके आणि अधिक अवघड प्रश्न विचारतात.