भाववाढ खरी होती, कार्ड खोटं होतं

२०२५ च्या डिसेंबरात जुनं ग्राफिक्स कार्ड (कॉम्प्युटरमधला गेमचं चित्र काढणारा पार्ट) आणि रॅम (चालू कामाची मेमरी) विकतो म्हणून एका माणसाने मला आणि माझ्या चुलत भावाला २४ हजारांना गंडा घातला. तो माणूस किंवा त्याच्यासारखाच दुसरा कोणी आजही त्याच गोष्टी सांगून माल खपवत असणार, म्हणून हे लिहितोय. त्याने सांगितलेल्या निम्म्या गोष्टी खऱ्या होत्या. मला सगळ्यात धोक्याचं वाटतं ते हेच.

भाऊ देवगडजवळ राहतो. त्याच्याकडे रायझन ५ ३६०० प्रोसेसर, बी४५० मदरबोर्ड (सगळे पार्ट ज्यावर बसतात तो बोर्ड), १६ जीबी रॅम आणि ४ जीबीचं जीटीएक्स १६५० कार्ड. हे कार्ड २०१९ सालचं. नवे गेम ४ जीबीत मावत नाहीत, चित्र अडखळतं, म्हणून कार्ड बदलायचं होतं. ठरलं होतं मे महिन्यात. घरची हापूसची कलमं आहेत आणि आमच्याकडे मोठी खरेदी आंब्याच्या पैशांवरच होते. काका सारखे म्हणायचे, "आंब्याचे पैसे येवंदेत, मगे घे. इतकी घाई कित्याक?" भावालाही ते पटलं होतं. गणपतीपासून तो थोडे थोडे पैसे बाजूला टाकत होता, राहिलेले मेमध्ये घालणार होता.

मग रॅमच्या बातम्या सुरू झाल्या. २०२५ च्या ऑक्टोबरपासून रॅमचे भाव झपाट्याने चढले, हे हार्डवेअरवर लक्ष ठेवणाऱ्या प्रत्येकाने पाहिलं. एआयच्या डेटा सेंटरना प्रचंड मेमरी लागते, त्यात नफा जास्त, म्हणून चिप बनवणाऱ्या कंपन्यांनी आपलं उत्पादन तिकडे वळवलं. डीडीआर४ ही जुन्या पिढीची रॅम तर त्या आधीच बंद करत आणत होत्या. ३ डिसेंबरला मायक्रॉन या मेमरी चिप बनवणाऱ्या कंपनीने जाहीर केलं की क्रुशल नावाने ग्राहकांना रॅम आणि एसएसडी विकण्याचा धंदा ती बंद करणार, माल फेब्रुवारीपर्यंतच येईल. ग्राफिक्स कार्डावरही मेमरी असतेच, तेव्हा कार्डंही महागणार अशी चर्चा लगेच सुरू झाली.

जुन्या पार्टच्या खरेदी-विक्रीच्या एका ग्रुपवर याच सुमारास एक जाहिरात आली. एनव्हिडिया कंपनीचं आरटीएक्स ३०६० कार्ड, १२ जीबी मेमरीचं, सोबत ३२ जीबी डीडीआर४ रॅम, दोन्ही मिळून २४ हजार. विकणाऱ्याचं म्हणणं, त्याचं मुंबईच्या कॉम्प्युटर बाजारात, लॅमिंग्टन रोडला दुकान आहे, नव्या ५० सीरिजच्या कार्डांना जागा हवी म्हणून जुनी ३० सीरिज काढून टाकतोय. भावाने विचारपूस केली तशी त्याने मायक्रॉनची बातमी पाठवली. ती खरी होती. आणखी दोन-तीन लिंक पाठवल्या, त्याही खऱ्या. आम्ही उघडून वाचल्या, पडताळल्या, आणि तो बोलतो त्यात तथ्य आहे असं वाटलं. वस्तुतः आम्ही बातमी पडताळली होती, कार्ड नव्हे. कुठलाही हुशार ठग ग्राहकाला नेमकं याच कामाला लावतो. रॅम महाग होणार हे खरं असलं तरी समोरच्या खोक्यात काय आहे ते त्यावरून कळत नाही.

देवगड म्हटल्यावर त्याचं बोलणंच बदललं. तो मूळचा सावंतवाडीकडचा निघाला. फोनवर मालवणीत सुरू झाला, शिमग्याच्या, दशावताराच्या गोष्टी काढल्या. भाऊ मध्येच म्हणाला की आमचा मामा परळला आहे, तो दुकानात येऊन माल बघेल. यावर उत्तर आलं, "दुकान सध्या शिफ्ट होता, माल गोडाऊनमधी आसा. आपल्याच माणसाक मी कित्याक फसवतलंय?" कोकणातल्या माणसाला परमुलखात आपली भाषा ऐकू आली की बरं वाटतं. मुंबईत आपल्या कित्येकांची पहिली नोकरी, पहिली खोली याच ओळखीवर मिळाली. हा माणूस त्याच विश्वासावर धंदा करतो आणि याचा मला पैशांपेक्षा जास्त राग आहे. गाववाला खरा असेल तर परळहून आलेल्या मामाला कार्ड दाखवायला त्याची हरकत असायचं कारण नाही.

त्याने कार्ड चालू असल्याचा व्हिडिओ पाठवला. पडद्यावर आरटीएक्स ३०६० हे नाव स्पष्ट दिसत होतं. आज रात्रीच्या बसने पाठवतो, उद्यापासून रेट वाढतोय, असं म्हणाला. आधी ५ हजार, मग बसवर पार्सल चढवल्याच्या पावतीचा फोटो आल्यावर उरलेले, असं ठरलं. पैसे माझ्या फोनवरून गेले. यूपीआयवर दुकानाचं नाव न येता भलत्याच बाईचं नाव आलं. विचारलं तर म्हणाला, बहिणीचं खातं आहे, दुकानाच्या खात्याची लिमिट संपली.

पार्सल पहाटे नांदगाव तिठ्यावर उतरलं. खोकं ३०६० चंच होतं. कार्ड बसवलं, पडदा आला. पण एनव्हिडियाच्या साइटवरून उतरवलेला ड्रायव्हर, म्हणजे कार्ड चालवणारं सॉफ्टवेअर, इन्स्टॉल होईना. फोन केला तर त्याने गूगल ड्राइव्हवरची एक लिंक पाठवली. "हाच ड्रायव्हर टाक, आणि नंतर अपडेट करू नकोस." टाकला, आणि नाव आलं आरटीएक्स ३०६०. गेमही सुरू झाला. भाऊ खूश होता. मला मात्र ते 'अपडेट करू नकोस' खटकत राहिलं.

विंडोजच्या टास्क मॅनेजरमध्ये कार्डाची मेमरी ६ जीबी दिसली. जीपीयू-झेड हे फुकट मिळणारं छोटं सॉफ्टवेअर चालवलं आणि सगळं उघडं पडलं. डेस्कटॉपच्या १२ जीबी ३०६० मध्ये ३५८४ कोर (चिपमधले हिशेब करणारे छोटे भाग) असतात. या कार्डात ३८४० होते. कोर जास्त म्हणजे चांगलंच की, असं भाऊ म्हणाला. तसं नाही. ३८४० कोर आणि ६ जीबी मेमरी ही ३०६० च्या लॅपटॉप चिपची खूण. चीनमधले काही कारखाने लॅपटॉपच्या चिपा वेगळ्या बोर्डावर बसवून डेस्कटॉप कार्ड म्हणून विकतात. एनव्हिडिया कंपनी असलं कार्ड बनवत नाही, म्हणून तिचा नेहमीचा ड्रायव्हर ते ओळखत नाही, आणि फेरफार केलेला ड्रायव्हर घातला की त्यात लिहिलेलं नाव पडद्यावर येतं. व्हिडिओत आम्ही पाहिलेलं नाव हेच. शिवाय कुठून आला ते माहीत नसलेला ड्रायव्हर म्हणजे घरात अनोळखी माणसाला किल्ली देणं. ज्या कॉम्प्युटरवर बँकेचं काम होतं त्यात तर तो घालूच नका. आम्ही नंतर विंडोज पहिल्यापासून टाकली.

खोक्यावरचा सीरियल नंबर आणि कार्डाच्या पाठीवरचा नंबर वेगळे निघाले. रॅमच्या दोन स्टिकपैकी एक मेमटेस्ट या रॅम तपासणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये चुका दाखवत होती.

बिलाचं मात्र सविस्तर सांगतो, कारण बिल हातात आलं की माणूस निर्धास्त होतो. बिल छापील होतं, त्यावर १५ अंकी जीएसटी नंबर होता आणि तो २४ ने सुरू होत होता. पहिले दोन अंक राज्याचे असतात. महाराष्ट्राचा २७, गुजरातचा २४. मुंबईतल्या दुकानाच्या बिलावर गुजरातचा नंबर कशाला? जीएसटीच्या सरकारी पोर्टलवर कोणताही नंबर टाकून शोधता येतो, त्यासाठी लॉगिन लागत नाही. तिथे कापडाच्या व्यापाराचं नाव आलं. बिचाऱ्या त्या व्यापाऱ्याला आपला नंबर कुठे छापला जातोय याचा पत्ताही नसेल. ही तपासणी पैसे देण्यापूर्वी होऊ शकते, फक्त बिलाचा फोटो आधी मागायचा. खरा दुकानदार तो देतो. लॅमिंग्टन रोडवर वर्षानुवर्षं सचोटीने धंदा करणारे पुष्कळ आहेत, त्यांच्या नावावर हे लोक जगतात.

विकणाऱ्याने आमचा नंबर ब्लॉक केल्यावर आम्ही १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर फोन केला आणि सायबर क्राइमच्या राष्ट्रीय पोर्टलवर तक्रार नोंदवली. १९३० वर जितक्या लवकर कळवाल तितकं बरं, कारण पैसे पुढच्या खात्यात सरकायच्या आत अडवता आले तरच अडतात. आमचे तोवर निघून गेले होते. तक्रार चालू आहे, पैसे आलेले नाहीत. व्यवहाराचा यूटीआर नंबर (बँकेचा व्यवहार क्रमांक), चॅट, बसची पावती, खोकं, सगळं जपून ठेवलंय. नोंदणी असलेल्या दुकानाने फसवलं असेल तर १९१५ ही ग्राहक हेल्पलाइनही आहे.

आता मूळ प्रश्न. पार्ट घ्यायचे कधी?

किमतींचा अंदाज कोणालाच पक्का येत नाही. २०२१ च्या फेब्रुवारीत ३०६० बाजारात आलं तेव्हा टंचाई होती, क्रिप्टो चलन कमावण्यासाठी कार्डं सतत चालवणाऱ्या मायनिंगवाल्यांनी ती उचलली होती, आणि कित्येकांनी छापील किमतीच्या कितीतरी वर पैसे मोजले. १५ सप्टेंबर २०२२ ला इथेरियम या क्रिप्टो चलनाने ग्राफिक्स कार्डांवरचं मायनिंग बंद केलं आणि तीच कार्डं जुन्या बाजारात ढिगाने आली. धीर धरलेल्यांचा त्या वेळी फायदा झाला. या वेळी रॅमच्या बाबतीत थांबलेल्यांना जास्त मोजावे लागताहेत. म्हणजे 'थांबावं' किंवा 'घेऊन टाकावं' असं कायमचं उत्तर नाही.

पण थांबण्याची किंमत काढता येते. आमच्या बाबतीत भाव चढले असते तर काही हजार जास्त गेले असते, आणि तेही कार्डापुरते, कारण १६ जीबी रॅम घरात होतीच. ३२ जीबीची भावाला गरजच नव्हती. ती या व्यवहारात शिरली ती भीतीमुळे. भाववाढीच्या काळात नको असलेली वस्तू हवीशी वाटते, आणि विकणाऱ्याला हे आपल्यापेक्षा चांगलं माहीत असतं. कणकवलीत मी अगदी असंच ऐकलंय, "विंडोज १० बंद झालं, आता सगळा सेट बदला." विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला हे खरंच आहे. पण भावाच्या त्याच जुन्या प्रोसेसरवर विंडोज ११ व्यवस्थित चालतं.

माझ्या मते घ्यायची वेळ म्हणजे वस्तू नीट तपासायला सवड असेल ती वेळ. ऑनलाइन मालाची परतीची मुदत बहुधा आठवडाभराची असते. जून-जुलैत आमच्याकडे वारा-पाऊस झाला की वीज जाते, कधी दिवसभर येत नाही, आल्यावर व्होल्टेज खालीवर. मुदत तशीच निघून जाते. म्हणून पावसाळ्याच्या तोंडावर महागडा पार्ट मागवू नये. सेलमध्ये स्वस्त मिळाला म्हणून बोर्ड आत्ता आणि प्रोसेसर तीन महिन्यांनी, असंही करू नये. प्रोसेसर येईपर्यंत बोर्ड तपासता येत नाही, आणि तो बिघडलेला निघाला तर परत कोण घेणार? एकमेकांवर अवलंबून असलेले पार्ट एकाच मुदतीत यायला हवेत.

जुनं कार्ड घ्यायचं तर मुंबईतलं आपलं माणूस पाठवा. कोकणात असं घर नाही ज्याचं कोणी दादर, विरार, डोंबिवलीला नाही. त्याला कॉम्प्युटरचं काही कळत नसलं तरी चालेल. त्याने फक्त समोर बसून व्हिडिओ कॉल लावायचा. कंपनीच्या साइटवरून ड्रायव्हर समोर उतरवून इन्स्टॉल करायला सांगा, जीपीयू-झेड उघडायला सांगा, कोर आणि मेमरीचा आकडा कंपनीच्या माहितीशी ताडून बघा, आणि अर्धा तास तरी जड गेम चालू ठेवा. मायनिंगमध्ये भाजून निघालेली किंवा हीट गनने तात्पुरती जिवंत केलेली कार्डं थंड असताना बरी वाटतात आणि तापली की पडद्यावर ठिपके, रेषा येऊ लागतात. स्क्रू आणि पाठीमागची पट्टी बघा. खारं वारं लागलेल्या कार्डाला तिथे गंज दिसतो. हे करू द्यायला जो तयार नाही त्याच्याकडून अर्ध्या किमतीतही घेऊ नका.

भाऊ सध्या जुन्याच १६५० वर सेटिंग कमी करून खेळतो. कार्ड मेमध्येच घ्यायचं ठरलंय, नवं, कंपनीच्या वॉरंटीचं, रत्नागिरीच्या किंवा कोल्हापूरच्या दुकानातून, जिथे बिघडलं तर स्वतः घेऊन जाता येईल. आंबा कसा लागतो त्यावर कोणतं ते ठरेल. पावसाच्या आधी निदान पंधरा दिवस ते घरात यायला हवं, एवढीच अट काकांनी घातली आहे.