पिंजरा, एकेरी दार की थोडं थांबणं? घरात शिरलेला प्राणी बाहेर काढायचा तर

माळ्यावर खुडबूड सुरू झाली की बहुतेकांना आधी पिंजरा आठवतो. प्राणी पकडायचा, लांब कुठेतरी झाडीत सोडून यायचा; मारल्याचं पाप नाही आणि घरही मोकळं. पण तो ज्या भोकातून आत आला ते भोक तसंच राहतं आणि रिकामी झालेली जागा फार दिवस रिकामी राहत नाही. रोग म्हशीला आणि औषध पखालीला, असा हा प्रकार.

विष आणि चिकट सापळे मी या तुलनेत धरलेलेच नाहीत. ब्रोमॅडिओलोनसारख्या विषाने उंदीर लगेच मरत नाही, त्याला काही दिवस लागतात. तोवर तो भिंतीच्या पोकळीत जाऊन पडतो किंवा घुबडाच्या तोंडी लागतो, मग विष घुबडालाही बाधतं. चिकट सापळ्यावर प्राणी तासन्‌तास तडफडतो. इंग्लंडमध्ये 31 जुलै 2024 पासून परवान्याशिवाय उंदरांसाठी असा सापळा लावणं गुन्हा आहे. आता उरतात चार वाटा: पकडून सोडणं, एकेरी (फक्त बाहेर उघडणारं) दार लावून भोकं बुजवणं, वास-आवाजाने हुसकावणं आणि काही आठवडे थांबणं.

आधी ओळख पटवा

आवाज दिवसा येत असेल तर बहुधा खार. रात्री हलकी खुडखुड ऐकू आली तर उंदीर, आणि माणूस चालल्यासारखे धपधप पाय वाजले तर उदमांजर किंवा तसाच एखादा मोठा प्राणी. लेंड्यांवरून जास्त नक्की कळतं. उंदराची आणि वटवाघळाची लेंडी दिसायला सारखीच, पण वटवाघळाची सुकलेली लेंडी काडीने दाबली की तिचा भुगा होतो आणि त्यात किड्यांच्या पंखांचे चकचकीत तुकडे दिसतात. उंदराची कडक राहते. टोकाला पांढरा ठिपका असेल तर ती पालीची, म्हणजे काहीच करायला नको. हे सगळं काडीनेच बघा, हाताने चिवडू नका.

मग भोक शोधा. घरातल्या उंदराला सहा मिलिमीटरची फट पुरते, मोठ्या उंदराला बारा-तेरा मिलिमीटरची. सापडलेल्या भोकात चुरगळलेला कागद सैलसर कोंबून ठेवा. दोन-तीन दिवसांत तो बाहेर ढकललेला दिसला, तर वापरातली वाट तीच.

पिंजरा आणि एकेरी दार

पिंजऱ्याचा फायदा एकच: प्राणी हाती लागल्याचं डोळ्यांना दिसतं. एखादंच जनावर चुकून आत आलं असेल आणि त्याला बाहेरची वाट सापडत नसेल, तर पिंजरा योग्यच. बाकी ठिकाणी त्याची बाजू लंगडी पडते. जवळ सोडलेला उंदीर परत येतो. लांब सोडलेल्या प्राण्याला ना बीळ माहीत, ना खाणं कुठे मिळतं ते, आणि तिथे आधीपासून राहणारे त्याला टिकू देत नाहीत. अमेरिकेत 2004 साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात उपनगरातल्या 38 करड्या खारी पकडून मोठ्या जंगलात सोडल्या होत्या. 88 दिवसांत त्यांतल्या 97 टक्के मेल्या किंवा त्या भागातून नाहीशा झाल्या. ‘जंगलात सोडून आलो’ म्हणताना आपल्याला वाटणारं समाधान आपल्यापुरतंच असतं. शिवाय पकडलेली मादी असेल तर पिल्लं माळ्यावर उपाशी राहतात, आणि चार दिवसांनी वास सुटला की ते आपल्याला कळतं. अनेक देशांत वन्यप्राणी पकडून दुसरीकडे सोडणं परवानगीशिवाय बेकायदाही आहे.

तरीही पिंजरा लावायचाच असेल तर दिवसातून निदान दोनदा, उंदरासाठी त्याहून जास्त वेळा पाहा. उन्हात ठेवू नका. प्राणी अडकला की वर कापड टाका, अंधारात तो लवकर शांत होतो.

एकेरी दारात प्राण्याला हातही लावावा लागत नाही. बाकीची सगळी भोकं आधी बुजवायची आणि मुख्य भोकावर फक्त बाहेर उघडणारी झडप बसवायची. रोजच्यासारखा तो खाणं शोधायला बाहेर पडतो, परतताना दार बंद. परिसर ओळखीचाच असल्याने दुसरा आसरा त्याला सापडतो. बहुतेक प्राण्यांच्या एकाहून जास्त जागा असतातच. वटवाघळांसाठी तर झडपही लागत नाही. फटीवर बारीक जाळी वरून आणि दोन्ही बाजूंनी पक्की करायची, खाली निदान 45 सेंटिमीटर लोंबती आणि उघडी ठेवायची. बाहेर पडणारं वटवाघूळ भिंतीला धरून खाली सरकतं आणि निसटतं. परत येणारं मात्र वासाच्या मागाने थेट फटीशी उतरतं, जिथे जाळी बंद असते. पाच ते सात रात्री हे असंच राहू द्यायचं, आवाज पूर्ण थांबल्याची खात्री करायची, मग फट बुजवायची.

कष्ट यात जास्त आहेत, हे खरं. शिडी लागते, सगळं घर बाहेरून फिरून तपासावं लागतं, आणि एक फट सुटली तरी मेहनत वाया. साहित्यात काटकसर करू नका. नुसता फोम उंदीर कुरतडून टाकतो, कारण त्याचे पुढचे दात आयुष्यभर वाढत असतात आणि त्याला ते झिजवावेच लागतात. सहा मिलिमीटरची जस्ताचा मुलामा असलेली जाळी, सिमेंट किंवा पत्रा टिकतो. साधी लोखंडी लोकर गंजते, त्याऐवजी तांब्याची जाळी कोंबावी.

वास, आवाज, दिवे

यावर फार शाई खर्च करत नाही. अल्ट्रासॉनिक, म्हणजे माणसाला ऐकू न येणारा आवाज काढून प्राणी पळवण्याचा दावा करणाऱ्या यंत्रांवरून अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने (ग्राहकांचं हित पाहणाऱ्या सरकारी संस्थेने) 2001 साली साठाहून अधिक उत्पादकांना आणि विक्रेत्यांना इशारे दिले होते. प्राणी त्या आवाजाला सरावतात आणि तो भिंतीपलीकडे पोचतही नाही. डांबराच्या गोळ्यांची वाफ प्राण्याआधी घरातल्या माणसांनाच त्रास देते. माळ्यावर दिवा आणि बोलका रेडिओ लावून ठेवला तर पिल्लं असलेली मादी कधीकधी आपणहून मुक्काम हलवते, तेवढं करून पाहायला हरकत नाही. पण त्यानंतर भोक बुजवायचंच असतं.

काटेरी पट्ट्यांचंही तसंच. पक्षी बसू नयेत म्हणून लावलेल्या पट्ट्या उचकटून त्या पट्ट्यांचंच घरटं बांधणारे मॅगपाय (कावळ्याच्याच कुळातला पक्षी) आणि कावळे नेदरलँड्स-बेल्जियममध्ये सापडले. 2023 साली तिथल्या संशोधकांनी ते प्रसिद्ध केलं. माणसाच्या हुशारीला इतकं सडेतोड उत्तर क्वचितच मिळतं.

थांबणं

हा पर्याय कुणी मोजत नाही, पण निर्णय बहुतेक वेळा यावरच फिरतो. पिल्लं आत असताना एकेरी दार लावलं तर आई बाहेर आणि पिल्लं आत. हिंस्र झालेली आई छत फोडून आत येते, नाहीतर पिल्लं मरतात. कीटक खाणाऱ्या वटवाघळांची मादी साधारण वर्षाला एकच पिल्लू देते आणि ते चार ते सहा आठवडे उडू शकत नाही. म्हणून ज्या काळात पिल्लं असतात त्या काळात जाळी लावायचीच नाही. थंड प्रदेशात शीतनिद्रेतल्या वटवाघळांनाही हेच लागू. ब्रिटनमध्ये तर वटवाघळं नसतानासुद्धा त्यांच्या मुक्कामाच्या जागेला धक्का लावणं गुन्हा ठरतं. तुमच्याकडे कायदा काय म्हणतो ते आधी विचारून घ्या.

पारव्यांचं गणित वेगळं आहे. अंडी साधारण अठरा दिवसांत फुटतात, पिल्लू उडायला आणखी महिनाभर लागतो. पण पहिली पिल्लं उडायच्या आतच मादी पुढची अंडी घालते, तेव्हा नुसतं थांबून ही साखळी संपत नाही. रोज डोकवा, आणि पिल्लं उडून गेली आणि नवी अंडी दिसत नाहीत असा दिवस गाठून त्याच दिवशी जाळी लावा. 50 मिलिमीटरचे चौकोन पारव्यांना पुरतात, पण जाळी ताठ हवी. सैल जाळीत पक्षी अडकून मरतात.

माणूस बोलवायचा की स्वतः करायचं?

उंदीर, खार, पारवे: सवड आणि शिडी असेल तर स्वतः. साप असेल तर अजिबात नाही. खोलीचं दार लावा, खाली कापड सारा, लांबून नजर ठेवा आणि प्रशिक्षित सर्पमित्राला बोलवा. तो गेल्यावर उंदरांची वाट बंद करा, कारण साप बहुधा त्यांच्याच मागावर आलेला असतो. झोपेच्या खोलीत वटवाघूळ सापडलं तर ते उघड्या हाताने उचलू नका. रेबीजच्या दृष्टीने डॉक्टरांना त्याच दिवशी विचारा. चावा इतका बारीक असतो की झोपलेल्या माणसाला कळतही नाही.

व्यावसायिक बोलावलात तर त्याला दोन प्रश्न विचारा: पिल्लं आहेत का हे तू कसं तपासणार, आणि भोकं बुजवणं तुझ्या कामात धरलंय का? जो फक्त ‘पकडून नेतो’ म्हणतो त्याला पुढच्या महिन्यात पुन्हा बोलवावं लागेल.

साफसफाई सगळं बंद झाल्यावर. कोरडी लेंडी झाडू नका. आधी ब्लीचच्या पाण्याने भिजवा, मास्क आणि हातमोजे घालून पुसून घ्या, म्हणजे धूळ नाकात जाणार नाही.