आधी जॉन कझाल की हॅरी डीन स्टँटन?

अमेरिकी सिनेमातले चरित्र अभिनेते नीट पाहायचे ठरवलंय, पण हाताशी दोन-तीनच रविवार आहेत. मग सुरुवात कुणापासून करायची? मी बेलाशक कझालचं नाव घेईन.

त्याचे चित्रपट मोजून पाच, १९७२ ते १९७८ या काळातले. ‘द गॉडफादर’ आणि त्याचा दुसरा भाग, ‘द कॉन्व्हर्सेशन’, ‘डॉग डे आफ्टरनून’, ‘द डिअर हंटर’. पाचही सर्वोत्कृष्ट चित्रपटाच्या ऑस्करसाठी नामांकित झाले, तिघांना ते मिळालं. कझालला मात्र साधं नामांकनही कधी मिळालं नाही, याची मला आजही चुटपुट लागते. ‘द गॉडफादर’मधला त्याचा फ्रेडो, माफिया डॉनचा मुलगा, बघा. भररस्त्यात बापावर गोळ्या झाडल्या जातात, याच्या हातातलं पिस्तूल निसटतं आणि हा रस्त्याच्या कडेला बसून लहान पोरासारखा रडतो. दुसऱ्या भागात तो आरामखुर्चीत रेललेला आहे, धाकट्या भावावर संतापून उठायला धडपडतो, पण उठताच येत नाही. मोठा असून डावललं गेल्याची सगळी तडफड त्या धडपडीत आहे. ‘द डिअर हंटर’च्या वेळी त्याला फुप्फुसाचा कर्करोग होता, म्हणून त्याचे प्रसंग आधी चित्रित केले. चित्रपट प्रदर्शित होण्याआधीच, मार्च १९७८मध्ये तो गेला. वय अवघं ४२.

स्टँटनचं सगळंच उलट. केंटकीत १९२६चा जन्म, दुसऱ्या महायुद्धात नौदलात, मग वर्षानुवर्षं छोट्या भूमिका, आणि ९१व्या वर्षी मृत्यू. त्याचं सगळं काम पाहायला दोन-तीन रविवार कुठले पुरणार! त्यामुळे ‘पॅरिस, टेक्सास’ (१९८४) हा एकच निवडा. साठीच्या उंबरठ्यावर त्याला नायकाची भूमिका मिळाली. सुरुवातीला बराच वेळ तो एक अक्षर बोलत नाही. शेवटाकडे काचेपलीकडच्या बायकोशी फोनवर बोलताना तो तिच्याकडे पाठ फिरवतो आणि मगच त्याला मनातलं सांगता येतं. तुम्हाला गुन्हेगारी, गोळीबार नकोच असेल, तर सरळ इथूनच सुरुवात करा.

‘गॉडफादर’चा दुसरा भाग मात्र दोघांसाठीही पाहा. त्यात साक्षीदारासोबत असणारा एफबीआयचा माणूस स्टँटनच आहे.