व्हायरलनंतरच्या ब्रेन फॉगसाठी 'मायटोकॉन्ड्रिया' कॅप्सूल – तीन महिन्यांचा अनुभव, ५ पैकी २ स्टार

कंपनीचं नाव मुद्दाम लिहीत नाहीये, कारण अशा बाटल्या आता ढिगाने मिळतात आणि सगळ्यांवर जवळपास तेच छापलेलं असतं, 'मायटोकॉन्ड्रिया रिपेअर करते, मेंदूला एनर्जी देते'. आत काय तर कोएन्झाइम क्यू१०, एका कॅप्सूलमध्ये १०० मिलिग्रॅम. मी रोज एक अशी तीन महिने घेतली.

का घेतली ते आधी सांगते. ताप चार दिवसांत उतरला पण डोकं काही जागेवर येईना, यालाच ब्रेन फॉग म्हणतात. बोलता बोलता शब्दच सापडायचा नाही, एकदा बहिणीशी फोनवर बोलताना हातात कात्री धरून उभी होते आणि 'कात्री' हा शब्द आठवेना, 'ते कापायचं असतं ना, ते' असं म्हणत राहिले आणि फोन ठेवल्यावर रडले. ईमेलची एकच ओळ तीन तीनदा वाचायची तरी डोक्यात शिरायची नाही. रिपोर्ट सगळे नॉर्मल, आणि रिपोर्ट नॉर्मल आले की आजूबाजूचे म्हणतात मनावर घेऊ नकोस, ते ऐकायला सगळ्यात जड जातं.

बाटलीवरचं वाचून वाटलं हेच आपलं उत्तर. आणि खरं सांगायचं तर मूळ मुद्दा खोटा नाहीच. मेंदू वजनाने शरीराच्या साधारण २ टक्के, पण आराम करत असतानाही एकूण एनर्जीतली जवळपास २० टक्के त्यालाच लागते. ती बनवतात मायटोकॉन्ड्रिया, शाळेत आपण तंतुकणिका म्हणून शिकलो त्याच. न्यूरॉनची, म्हणजे मेंदू-मज्जासंस्थेतल्या पेशीची, शेपटी कधी कधी मीटरभर लांब असते आणि मायटोकॉन्ड्रिया पेशीत रुळांवरून गेल्यासारखे त्या टोकापर्यंत नेले जातात, कारण सिग्नल द्यायला एनर्जी तिथेच लागते. शिवाय बहुतेक न्यूरॉन आयुष्यभर तेच राहतात, खराब झाला की नवीन आला असं होत नाही.

पण जे मला बाटलीवर नाही, नंतर वाचून कळलं ते असं की मायटोकॉन्ड्रिया नुसतं पॉवरहाऊस नाही, ती पेशीची धोक्याची घंटापण आहे. तिच्या बाहेरच्या पडद्यावर मॅव्हस नावाचं प्रोटीन असतं, २००५ मध्ये सापडलेलं, व्हायरसचा आरएनए पेशीत दिसला की यातूनच इंटरफेरॉनचा (व्हायरसविरुद्ध पेशींना सावध करणारं प्रोटीन) अलार्म वाजतो. म्हणून बरेच व्हायरस तिकडेच हात घालतात. हेपेटायटिस सीचा व्हायरस हे मॅव्हस कापूनच टाकतो, कोविडच्या व्हायरसचं ओआरएफ९बी नावाचं प्रोटीन मायटोकॉन्ड्रियाच्या दारातल्या टॉम७० नावाच्या प्रोटीनला जाऊन चिकटतं. हर्पिस तर दोन्हीकडून मारतो, न्यूरॉनमधलं कॅल्शियम वाढवून मायटोकॉन्ड्रियाची ये-जा थांबवतो आणि त्यांचा स्वतःचा डीएनएपण तोडतो. मग तो तुटका डीएनए पेशीत बाहेर सांडला की पेशीला वाटतं कोणीतरी बाहेरचं घुसलंय (मायटोकॉन्ड्रिया मुळात कधीकाळी बॅक्टेरियाच होते, त्यामुळे ते दिसतंही तसंच) आणि सूज आणखी भडकते. आणि यासाठी व्हायरस मेंदूत शिरायलाच पाहिजे असंही नाही, शरीरात दुसरीकडे झालेल्या लढाईची सायटोकाइन्स (सूज वाढवणारी निरोप्या प्रोटीन्स) मेंदूपर्यंत पोचली तरी तिथल्या मायक्रोग्लिया, म्हणजे मेंदूच्या पहारेकरी पेशी, खवळतात.

आता सांगा, यातलं कॅप्सूल काय दुरुस्त करणार? क्यू१० चं काम म्हणजे मायटोकॉन्ड्रियाच्या आतल्या पडद्यात इलेक्ट्रॉन उचलून पहिल्या आणि दुसऱ्या कॉम्प्लेक्सकडून (एनर्जी बनवणाऱ्या साखळीतले प्रोटीनचे गट) तिसऱ्याकडे पोचवणं, हमालासारखं. ते शरीर स्वतःच बनवतं. ज्यांच्यात जन्मतःच जीनमधल्या दोषामुळे ते बनत नाही त्यांना त्याचा खरंच उपयोग होतो. पण रूळच अडलेत आणि अलार्म बंद होत नाहीये, तिथे हमाल वाढवून काय होणार.

आणि हे फक्त माझं लॉजिक नाही. डेन्मार्कमध्ये लाँग कोविडच्या (कोविड होऊन गेल्यावरही महिनोन्महिने त्रास राहतो तो) पेशंटना रोज ५०० मिलिग्रॅम क्यू१० सहा आठवडे देऊन बघितलं, खोट्या गोळीपेक्षा फरक पडला नाही. पार्किन्सन्सच्या ६०० पेशंटवरची ट्रायल २०१४ मध्ये छापून आली, त्यात दिवसाला २४०० मिलिग्रॅमपर्यंत डोस होता, तिथेही फायदा नाही. मी घेत होते १००.

माझं म्हणाल तर पहिल्या महिन्यात रात्री घ्यायचे तेव्हा झोप उडायची, सकाळी जेवणाबरोबर घ्यायला लागल्यावर ते थांबलं (तेलात विरघळणारं आहे, रिकाम्या पोटी घेऊ नका). पोट बिघडलं नाही. शब्द अडकणं तसंच. तिसऱ्या महिन्यात बरं वाटायला लागलं पण त्याच वेळी मी पेसिंग सुरू केलं होतं, म्हणजे थकायच्या आधीच थांबायचं, वीस मिनिटं स्क्रीन की मग डोळे मिटून पडायचं. त्याला कारण होतं जानेवारी २०२४ मध्ये आलेला अ‍ॅमस्टरडॅमचा अभ्यास, लाँग कोविडच्या २५ पेशंटना सायकल मारायला लावून आधी आणि नंतर मांडीच्या स्नायूचे तुकडे तपासले तर श्रमानंतर मायटोकॉन्ड्रियाचं काम आणखी घसरलेलं. ते स्नायूंबद्दल आहे, मेंदूबद्दल नाही, पण तोवर मी स्वतःला रेटत होते ते त्या दिवसापासून बंद केलं. क्रेडिट मी पेसिंगलाच देईन, बाटलीला नाही.

सगळ्यात मोठी तक्रार वेगळीच आहे. रक्त पातळ करायचं वॉरफरिन चालू असेल तर क्यू१० मुळे त्याचा असर कमी होऊ शकतो. लेबलवर हे कुठेच नाही. माझे काका वॉरफरिनवर आहेत आणि माझी बाटली बघून त्यांनी स्वतःसाठी मागवायला घेतली होती! कस्टमर केअरला विचारलं तर उत्तर आलं, 'नॅचरल प्रॉडक्ट आहे, साइड इफेक्ट नाहीत.' असं उत्तर कोणाच्या जिवावर बेतू शकतं हो.

दोन स्टार यासाठी की मात्रा स्पष्ट छापलेली आहे, सील नीट होतं आणि कॅप्सूल गिळायला सोपी आहे. घ्यायचीच असेल तर चालू औषधांची यादी डॉक्टरांना दाखवून मगच घ्या. आणि ऑर्डर करताना 'दर महिन्याला पाठवा' वर आधीच टिक असते ती काढा, मला ते बंद करायला दोनदा मेल करावा लागला.