आरडीसीसाठी माध्यम निवडताना: बायसेल, फाज, पेग-हेक्सॅनॉल की जेल?

नायट्रोजन-१५ लावलेल्या प्रथिनाचा एचएसक्यूसी (प्रत्येक एन-एच बंधाचं शिखर दाखवणारा एनएमआर वर्णपट) स्वच्छ आला, शिखरं ओळखून झाली, आता आरडीसी (रेसिड्युअल डायपोलर कपलिंग, बंधांच्या दिशा सांगणारं माप) मोजायच्या आहेत. पण नमुना कशात घालायचा? साध्या बफरमध्ये प्रथिन सगळ्या दिशांना सारखंच गरगरतं, त्यामुळे द्विध्रुवीय जोड (दोन अणुकेंद्रांचा एकमेकांवरचा चुंबकीय परिणाम) सरासरीत शून्य होते. विरळ द्रवस्फटिकात (ज्याचे कण रांगेत राहतात अशा द्रवात) हजारात एक इतकाच कल, म्हणजे एका दिशेकडे झुकाव, उरतो. तेवढ्यानं एन-एच बंधाच्या वीसेक किलोहर्ट्झच्या जोडीतले दहा-वीस हर्ट्झ दिसू लागतात आणि रेषाही बारीक राहतात. एनओईची (जवळच्या अणूंमधलं अंतर सांगणाऱ्या एनएमआर मापाची) नजर पाच-सहा अँगस्ट्रॉमपलीकडे पोचत नाही, तर आरडीसी रेणूच्या दोन टोकांचे बंधसुद्धा एकाच चौकटीत मोजून देतात. हे १९९७ मध्ये त्यांद्रा आणि बॅक्स यांनी युबिक्विटिन या प्रथिनावर दाखवलं, बायसेल (लिपिडांच्या बारीक चकत्या) वापरून.

पहिलं म्हणून बायसेलचं नाव अजून सगळ्यात आधी निघतं. मी तिथून सुरुवात करणार नाही. डीएमपीसी आणि डीएचपीसी या लिपिडांचं साधारण तीनास एक मिश्रण तिशीच्या पुढच्या तापमानालाच नीट रांगेत येतं, आणि लिपिडातले एस्टर बंध हळूहळू तुटत गेले की नमुना दुभंगतो. पस्तीस अंशांवर सुखानं राहणारं प्रथिन असेल तरच विचार करा.

खरी निवड पीएफ१ फाज आणि पेग-हेक्सॅनॉल यांच्यात आहे, आणि ती प्रथिनाच्या विद्युतभारावर ठरते. पीएफ१ म्हणजे स्यूडोमोनासला लागण करणारा, सुमारे दोन मायक्रॉन लांब आणि जेमतेम सहा-सात नॅनोमीटर जाड विषाणू. चुंबकात ठेवताच तो क्षेत्राला समांतर होतो. थंड तापमानाला चालतो, कल कमी-जास्त करायला बफर घालून विरळ केला की झालं, आणि काम संपल्यावर अल्ट्रासेंट्रिफ्यूजमध्ये फाज तळाशी बसवून प्रथिन परत मिळतं. महागड्या समस्थानिकांवर वाढवलेल्या प्रथिनासाठी ही सोय मोठी आहे. पण त्याच्या पृष्ठभागावर ऋणभार दाट असतो. आम्लधर्मी प्रथिनं आणि आरएनए त्यात मजेत राहतात. पीआय (ज्या पीएचला निव्वळ भार शून्य होतो तो) ९ असलेलं, म्हणजे धनभारित प्रथिन मात्र फाजला चिकटतं आणि शिखरं गायब होतात. मीठ वाढवून चिकटणं कमी होतं, कलही बदलतो. पीएच ४ च्या आसपास फाजच्याच गुठळ्या होतात. वर तो स्वस्तही नाही.

पेग-हेक्सॅनॉल (रुकर्ट आणि ओटिंग, २०००) बिनभाराचं आणि स्वस्त आहे. पीएच आणि मिठाचं त्याला फारसं वावडं नाही. त्रास बनवण्यात आहे: सी१२ई५ या पेगधारी डिटर्जंटच्या द्रावणात हेक्सॅनॉल मायक्रोलिटरच्या हिशेबानं सोडायचं, दर वेळी जोरात हलवायचं. द्रावण आधी गढूळ होतं, मग एकदम दाट आणि अर्धपारदर्शक. तिथेच थांबायचं, जास्त पडलं की अवस्था मोडते. अडकलेले बुडबुडे सेंट्रिफ्यूजनं काढा. ड्युटेरियमची (नमुन्यातल्या जड पाण्याची) रेष दोन स्वच्छ भागांत फुटलेली, म्हणजे माध्यम रांगेत आलेलं दिसेपर्यंत प्रथिन घालू नका, आधी नुसत्या बफरवर हात बसवा. पृष्ठभागावर जलविरोधी पट्टे असलेली काही प्रथिनं मात्र यालाही चिकटतात.

ताणलेलं किंवा दाबलेलं पॉलिअ‍ॅक्रिलामाइड जेल द्रवस्फटिक नव्हे, पण यादीत हवंच. डिटर्जंटमधलं पटल-प्रथिन किंवा युरियात उलगडलेली साखळी असेल, तर इतर माध्यमांची घडी विस्कटण्याची भीती असते, जेल टिकतं. प्रथिन आत झिरपायला वेळ लागतो, मोठ्या प्रथिनांच्या रेषा रुंदावतात.

प्रथिनाच्या रचनेचा संगणकावर अंदाज बांधणाऱ्या अल्फाफोल्डच्या काळात हा खटाटोप कशाला, असं कुणी विचारेल. मॉडेल तपासायला हेच उत्तम माप आहे: २०२१ मध्ये करोना विषाणूच्या मुख्य प्रोटिएझची अल्फाफोल्ड मॉडेल्स आरडीसीशी ताडून पाहिली गेली, आणि ती जवळजवळ क्ष-किरण रचनांइतकीच जुळली. नुसत्या तपासणीला बहुतेकदा एक माध्यम पुरतं.

रचना नव्यानं ठरवायची असेल तर एका माध्यमातून दिशेचे अनेक पर्याय उरतात, म्हणून दुसरं लागतं. दुसरं निवडताना बायसेल आणि पेग ही जोडी टाळा: दोन्हींत कल मुख्यतः प्रथिनाच्या आकारावरून येतो, त्यामुळे माहिती बरीचशी तीच मिळते. पेगसोबत फाज घ्या. प्रथिन फाजला चिकटत असेल तर धनभारित जेल.