बेळगावी बिडाचा 10 इंची तवा: शाळूच्या भाकरीला पक्का, घाईच्या माणसाला जड

खडेबाजार, गणपत गल्लीच्या बाजूला भांड्यांच्या दुकानांत हा बिडाचा, म्हणजे ओतीव लोखंडाचा, तवा बिननावाचा मिळतो. पाठीवर शिक्का नाही, खोकं नाही, वर्तमानपत्रात गुंडाळून हातात देतात. दुकानदार 'उद्यमबागेतला', म्हणजे बेळगावच्या औद्योगिक वसाहतीतला, माल म्हणून सांगतात. तोंड 26 सेंमी, मध्यावरची जाडी साडेचार मिमी, दांड्यासकट वजन 2.1 किलो. किंमत 600 रुपयांच्या आतबाहेर, घासाघीस तुमची तुम्ही करा.

विकताना एक वाक्य हमखास ऐकायला मिळतं: 'बीड उष्णता लवकर ओढतं आणि सगळीकडे सारखी पसरवतं.' यातलं काहीच खरं नाही. उष्णता वाहून नेण्यात बीड ॲल्युमिनियमच्या पाव हिश्शाच्या आसपास आहे. उष्णता वाहण्याचा बिडाचा आकडा (वॅट प्रति मीटर प्रति अंश) साधारण 50, ॲल्युमिनियमचा 200 च्या वर. स्टेनलेस स्टील त्याहून मागे, 15 च्या घरात. म्हणजे पसरवण्यात बीड मधलंच. हा तवा चांगला आहे तो साठवणुकीमुळे, आणि साठवणूक येते वजनातून.

हिशोब करून बघा. 2.1 किलो बीड एक अंशाने तापवायला जवळपास 1 किलोज्यूल लागतं. तीन मिमी जाडीचा, तेवढ्याच तोंडाचा नॉनस्टिक तवा भरतो जेमतेम 430 ग्रॅम. त्याला एका अंशाला 0.4 किलोज्यूलही पुरतं. शाळूची एक भाकरी पाण्यासकट 180 ग्रॅम धरली, तर ती हाताच्या उबेपासून 90 अंशांपर्यंत न्यायला ढोबळमानाने 30 किलोज्यूल लागतात, वाफेचे वेगळे. खालून गॅस नाही असं धरलं तर एवढ्याने बिडाचा तवा 30 अंशांनी उतरतो आणि पातळ ॲल्युमिनियमचा 75 च्या वर. प्रत्यक्षात खाली आच असते, त्यामुळे फरक इतका टोकाचा दिसत नाही. पण भाकरी तव्यावर पडल्यावरचे पहिले काही सेकंद हीच साठवण कामाला येते. खालचा पापुद्रा तेवढ्या वेळात धरला नाही तर आतली वाफ चिरेतून निघून जाते. मग भाकरी फुगत नाही आणि दोष पिठाला लागतो.

साठवणुकीची दुसरी बाजू म्हणजे उशीर. 25 अंशांवरून 200 वर यायला या तव्याला 170 किलोज्यूल हवेत, आणि गॅसची बरीच उष्णता कडेने निसटते. मध्यम बर्नरवर पाच-सहा मिनिटं धराच. मोठी आच करून वेळ वाचवायला जाल तर ज्योतीच्या वळ्यावर तवा जळेल आणि कडा थंडच राहील, कारण बीड उष्णता पसरवण्यात मंद. 'मधे करपली, कडेला कच्ची' ही तक्रार बहुतेक वेळा इथली असते. मंद-मध्यम आचेवर सात-आठ मिनिटं तापवायचा आणि मधेच एकदा अर्धा फिरवायचा. तापला का ते बघायला चिमूटभर पीठ टाका. लगेच काळं पडलं तर तवा जास्त तापलाय, पाच-सहा सेकंदांत बदामी झालं तर थापायला घ्या. पाण्याचे थेंब मण्यासारखे पळायला लागले तर समजा 200 च्या आसपास किंवा पुढे गेला. ते डोशाला जास्तच आहे. ओला फडका फिरवून थोडा उतरवा.

घेताना हातात धरून तपासा, कारण नग नगाला सारखा नसतो. दोन समोरासमोरच्या कडांची जाडी बघा. ओतताना साचा सरकला असेल तर एक बाजू पातळ येते आणि तिथे कायम करपतं. दांडा धरून लोंबता ठेवा आणि लाकडी दस्त्याने हलके ठोका. बीड मुळातच स्टीलसारखं खणखणत नाही, पण चिरलेला तवा अगदीच बद्द वाजतो. सर्वात महत्त्वाचं म्हणजे पृष्ठभागावर बोट फिरवून नखाने किंवा खिळ्याने टोकरून बघा. ओतकामात हवेची बारीक भोकं राहतात. काही ठिकाणी ती पुट्टीने बुजवून वर काळा रंग मारलेला असतो. पुट्टी टोकरली जाते, बीड नाही. आम्ही बघितलेल्या चार नगांत एकाला अशी जागा होती. तो परत दिला, दुकानदाराने कुरकुर न करता बदलून दिला. पाठ काचेच्या काउंटरवर ठेवून डुगडुगते का तेही बघा, विशेषतः इंडक्शन असेल तर.

आता तेल पाजणं, ज्याला हल्ली सगळे सीझनिंग म्हणतात. इथे आपल्या भागाचं नशीब चांगलं, कारण करडईचं तेल घरात असतंच. तापल्यावर तेलाचा कडक, चिवट थर बनणं हे तेल किती 'वाळतं' यावर ठरतं, आणि त्याचं माप म्हणजे आयोडीन अंक. करडईचा 140 च्या आसपास, शेंगदाण्याचा 90 च्या घरात, खोबरेलाचा 10 च्या आत. म्हणून खोबरेलाने तवा कितीही माखला तरी तेलकटच राहतो. जवस करडईच्याही पुढे आहे, पण त्याचा थर पुष्कळदा पापुद्र्यासारखा सुटतो.

पहिल्यांदा गरम पाणी, साबण आणि काथ्याने साच्याची रेती नि कारखान्याचा काळा थर निघेपर्यंत घासा. गॅसवर ठेवून कोरडा करा. अर्धा चमचा करडई तेल दोन्ही बाजूंना लावा आणि मग ते चुकून लागलं होतं अशा थाटात कोरड्या फडक्याने पुसून टाका. मध्यम आचेवर धूर थांबेपर्यंत ठेवा, गार होऊ द्या. असं चार-पाच वेळा. तवा चिकट झाला तर तेल जास्त झालंय. तो वाळत नाही म्हणून आणखी तेल लावू नका, उलट पुसून पुन्हा तापवा.

भाकरीचा तवा आणि डोसा-आंबोळीचा तवा वेगळा ठेवायची घरातली जुनी शिस्त आहे, तिला कारण आहे. भाकरीला तवा कोरडा आणि कडक तापतो. तेलाचा थर हळूहळू जळतो, त्यावर करपलेलं पीठ बसतं. मग आंबोळी धरते. एकच तवा घेणार असाल तर त्याचं काम आधी ठरवा. चिंच, कोकम, टोमॅटो यांचा रस्सा यात शिजवू नका, आंबट थर खातं.

इंडक्शनवर चालतो, बीड चुंबकाला धरतं. पण थंड तव्याला एकदम 1600 वॅट देऊ नका. कॉइल मधलाच भाग तापवते, कडा गार राहतात; बीड ठिसूळ, ताण सोसत नाही. सुरुवात 600 वॅटने करून चार मिनिटांनी वाढवा. गरम तवा नळाखाली धरणं हीच याच्या चिरण्याची सर्वात सोपी वाट आहे.

खानापूरकडच्या मातीच्या तव्याशी तुलना होतेच. माती बिडाच्याही कितीतरी मंद, उष्णता सोडते हळू. चवीला तिचा चाहता वर्ग आहे, पण गॅसच्या थेट ज्योतीवर तडकते. चूल असेल तरच तिचा विचार करा.

आणखी एक अडचण दांड्याची. तो तव्याबरोबरच ओतलेला आहे, म्हणून तोही तापतो आणि जाड फडक्याशिवाय धरता येत नाही. ज्येष्ठांच्या मनगटाला 2.1 किलो जडच. त्यांना 8 इंचीच बरा, फक्त त्यातही साडेचार मिमीच्या खाली उतरू नका.

जांबोटी-खानापूरच्या पावसात मात्र रोज धुऊन आचेवर कोरडा करायचा, वर तेलाचा हात फिरवायचा आणि झाकण न ठेवता उभा टेकवायचा. तांबूस डाग दिसला तर जाड मिठाने घासा आणि तेल पाजायचे दोन हात पुन्हा द्या.